उन्हाळ्यात चार्ल्सटनला जाऊ नका म्हणतात, मी म्हणते जाच

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन. कुणालाही विचारा, एप्रिलमध्ये जा, ऑक्टोबरमध्ये जा, जुलैमध्ये कशाला मरायला जाताय, हेच ऐकायला मिळतं. आम्ही पोरांच्या शाळेच्या सुट्टीत गेलो, आई भारतातून आलेली होती तिलाही घेऊन गेलो, आणि आता मी ठामपणे सांगतेय की हे शहर बघायचं तर उन्हाळ्यातच बघा. उकडतं का? हो उकडतं. जुलैमध्ये पारा बहुतेक दिवशी ९० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या भाषेत ३२-३३ डिग्री, आणि दमटपणा असा की हॉटेलच्या दारातून बाहेर पाय टाकला की चष्म्यावर वाफ. पण हे शहर त्या उकाड्यासाठीच बांधलंय, आणि उकाड्यात उभं राहिल्याशिवाय ते कळतच नाही.

म्हणजे बघा. आजूबाजूला भाताचे मोठमोठे मळे होते, अठराव्या शतकात तिथल्या लोकांनी अफाट पैसा केला तो तांदळावर. पण मे महिना लागला की त्या दलदलीत मलेरिया सुरू व्हायचा, मग मळ्यांचे मालक सगळं कुटुंब घेऊन चार्ल्सटनला यायचे, कारण इथे समुद्राचा वारा, आणि थंडी पडेपर्यंत परत जायचे नाहीत. म्हणजे हे श्रीमंतांचं उन्हाळ्यात राहायचं गाव. आणि तिकडे त्याच दलदलीत, त्याच डासांत, गुडघाभर पाण्यात भात खुरपायला मागे ठेवलेली माणसं गुलाम होती. या दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवून फिरा, नाहीतर चार्ल्सटन म्हणजे नुसती रंगीत घरं आणि आइस्क्रीम.

घरांवरून सुरुवात करते कारण मला सगळ्यात जास्त तीच आवडली. तिथे ज्याला सिंगल हाउस म्हणतात ते एका खोलीइतकंच रुंद, अरुंद बाजू रस्त्याकडे केलेली आणि घर मागे लांबच लांब गेलेलं. त्याच्या एका अंगाला, बहुतेक दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वरखाली दोन मजली व्हरांडा, त्याला ते पियाझा म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं की तुम्ही घरात जात नाही, व्हरांड्यात जाता! वारा त्या व्हरांड्यातून येतो आणि एकच खोली रुंद असल्यामुळे आरपार निघून जातो. एप्रिलमधल्या छान हवेत हे वाचून सोडून द्याल. जुलैमध्ये सकाळी दहाला रस्त्यावर भाजून निघाल्यावर अशा एका म्युझियम केलेल्या घराच्या व्हरांड्यात आम्ही शिरलो ना, आई तिथल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही या फिरून, मी इथेच बसते." तिला जे समजलं ते कुठल्याही गाइडने सांगितलं नव्हतं.

वेळापत्रक मात्र उन्हाळ्याचंच ठेवायचं. सकाळी सातला बाहेर. अगदी दक्षिण टोकाला बॅटरी आहे, अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्या जिथे एकत्र येतात तिथली भिंत, त्यावरून चालत ईस्ट बे स्ट्रीटवर यायचं. तिथे रेनबो रो, एका ओळीत १३ घरं, गुलाबी पिवळी निळी. ती पूर्वेकडे तोंड करून आहेत त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं, फोटो काढायचे तर तेव्हाच. हे रंग जुन्या काळातले नाहीत हे मला माहीत नव्हतं, १९३०च्या दशकात त्या पडक्या घरांची डागडुजी सुरू झाली तेव्हापासूनचे आहेत. आणि १९३१ मध्ये चार्ल्सटनने जुन्या वस्तीला कायद्याने संरक्षण दिलं, अख्ख्या अमेरिकेत असं करणारं पहिलं शहर. म्हणून आजही तिथे उंच टॉवर दिसत नाहीत, चर्चचे सुळकेच दिसतात.

चालताना भिंतींवर लक्ष ठेवा, कित्येक घरांच्या बाहेरून लोखंडाच्या गोल चकत्या दिसतात. १८८६च्या ऑगस्टमध्ये मोठा भूकंप झाला होता, त्यानंतर घराच्या आरपार लोखंडी गज घालून भिंती आवळल्या, त्यांची टोकं आहेत ती. पोरांना चकत्या मोजायचा खेळ दिला, तासभर कुणी कुरकुर केली नाही.

घोडागाडीची टूर करायची का हे सगळे विचारतात. मला विचाराल तर एकदा करा, पण पहिल्या दिवशी करा आणि सकाळची पहिली करा. गाडीवाला स्वतः रस्ता ठरवत नाही, निघताना शहराच्या बूथवर लॉटरीसारखा बॉल पडतो आणि त्यावर ठरतं गाडी कुठल्या भागात जाणार, म्हणजे सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर गर्दी करू नयेत. त्यामुळे बॅटरीच बघायची म्हणून बसलात तर दुसरीकडेच जाल. आणि पारा ९५ला गेला की घोडे बाहेर काढायचे नाहीत असा नियम आहे, तो मला फार पटला. गाइड चांगला निघाला तर मजा, नाहीतर पायी टूर केव्हाही सरस. शिवाय डाउनटाउनमध्ये डॅश नावाची फुकट बस फिरते, दुपारी पाय गळाले की तिच्यात बसायचं, एसी मस्त असतो.

फोर्ट सम्टरची फेरी बोट अजिबात चुकवू नका. १२ एप्रिल १८६१ला याच किल्ल्यावर पहिले तोफगोळे पडले आणि अमेरिकेचं सिव्हिल वॉर सुरू झालं, ३४ तास मारा चालला होता. बंदरात ७० हजार टनांहून जास्त दगड टाकून बेट तयार केलं आणि त्यावर हा विटांचा किल्ला बांधला. भिंतीत तोफगोळे अजून रुतलेले दिसतात, अगदी हात लावण्याइतके जवळ. सगळे मिळून सव्वादोन तास लागतात, त्यातला तासभर किल्ल्यावर, बाकी बोटीवर. सकाळची पहिली बोट घ्या, एक तर ऊन कमी आणि दुसरं म्हणजे झेंडा चढवायला रेंजर लोक प्रवाशांनाच मदतीला बोलावतात, तो एवढा मोठा झेंडा जमिनीला लागू नये म्हणून पंधरा-वीस अनोळखी माणसं हात पुढे करून उभी, त्यात माझा मुलगा. येताना डॉल्फिन दिसले. किल्ल्यावर सावली फार कमी, टोपी आणि पाणी विसरू नका.

दुपारी बारा ते चार बाहेर फिरायचंच नाही. तेव्हा म्युझियम. इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम २०२३च्या जूनमध्ये उघडलं, ते जिथे उभं आहे ती जागा म्हणजे गॅड्सडेन्स वार्फ, गुलामांची जहाजं जिथे लागायची तोच धक्का. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन गुलामांपैकी साधारण ४० टक्के चार्ल्सटनच्या बंदरातून आले असं मानतात. इमारत खांबांवर उचललेली आहे, खालची जमीन मोकळी सोडलीय, आणि तिथे पाण्याच्या पातळ थराखाली माणसांच्या आकृत्या कोरल्यात, जहाजात जशी एकाला एक चिकटवून झोपवायचे तशा. पाणी सरकलं की आकृत्या स्पष्ट होतात. खालच्या बागेला तिकीट नाही, वरच्या म्युझियमला आहे, आणि वेळ ठरवून आधी बुक करावं लागतं. लहान मुलांना घेऊन जावं का? मी म्हणेन हो, फक्त आधी बोलून घ्या त्यांच्याशी.

इथलं भाताचं तंत्र पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या माणसांचं होतं, हे पण मला याच ट्रिपमध्ये नीट कळलं. गावात सिटी मार्केट आहे, लांबलचक छपराखालचा बाजार, तिथे गला (Gullah) समाजाच्या, म्हणजे इथे आणलेल्या आफ्रिकन गुलामांच्या वंशातल्या बायका स्वीटग्रासच्या टोपल्या विणत बसलेल्या असतात. एका आजींच्या समोर आम्ही बराच वेळ उभे होतो. गवताची जुडी घ्यायची, गोल वळवायची, चमच्याच्या दांड्याचं टोक घासून केलेल्या दाभणासारख्या हत्याराने भोक पाडायचं, त्यातून पामच्या पानाची पट्टी ओढून घ्यायची, परत पुढचं भोक. बोटं थांबतच नव्हती, बोलताना पण नाही. बाजूला एक पसरट उथळ टोपली होती, आई लगेच म्हणाली, "अगं, हे तर सूप!" आणि खरंच, भात पाखडायलाच वापरायचे ते. मी आजींना हे इंग्रजीत सांगितलं तर त्यांनी आईच्या हातात टोपली दिली, आईने नुसत्या हवेत पाखडून दाखवलं आणि दोघी हसायला लागल्या. किमती जास्त वाटतात, छोटीशी सुद्धा पन्नास-साठ डॉलरच्या पुढे आणि मोठ्या शेकड्यांत, पण एका टोपलीला किती दिवस जातात ते ऐकून घासाघीस करायची हिंमत होणार नाही, करूही नका. बाजारात बाकी टीशर्ट, मॅग्नेट वगैरे आहे, ते सोडलं तरी चालेल.

खाण्याबद्दल. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. श्रिम्प अँड ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या मऊ शिजवून त्यावर कोळंबी, उन्हाळ्यात कोळंबी ताजी लोकल मिळते, शेम क्रीकला कोळंबीच्या बोटी लागलेल्या दिसतात तिथेच बसून खा. शी क्रॅब सूप म्हणजे खेकड्याचं सूप, घट्ट आणि मलईदार, एक वाटी दोघांत पुरे. लोकल ऑयस्टर मात्र थंडीतले, त्यासाठी उन्हाळ्यात जाऊ नका. शाकाहारी लोकांनी नीट ऐका. भेंडी, चवळी, भात, पालेभाजी, सगळं मेनूवर दिसतं आणि जीव हरखतो, पण यातल्या बऱ्याच भाज्यांत डुकराचं मांस घालून शिजवायची पद्धत आहे. एका ठिकाणी आईसाठी बीन्स मागवल्या, विचारलं तेव्हा व्हेजिटेरियन आहे म्हणाले, आणि खाली तळाशी मांसाचे तुकडे. नाव लिहीत नाही, पण आईचं जेवण गेलं आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हा भाजीत मांस आहे का एवढंच विचारू नका, कशात शिजवलंय तेही विचारा.

शाकाहारी माणसाला उन्हाळ्यातच मिळणारं सुख म्हणजे पीच आणि टोमॅटो. पीच म्हटलं की जॉर्जियाचं नाव घेतात पण साउथ कॅरोलायनात त्याच्यापेक्षा जास्त पिकतात. जुलैमध्ये रस्त्याकडेच्या स्टॉलवर घ्या, फ्रिजमध्ये न ठेवता तसेच खा, कोपरापर्यंत रस ओघळतो. त्याच स्टॉलवर बहुतेक उकडलेल्या शेंगा पण असतात, गरम, खारट, पिशवीतून पाणी गळतंय अशा. आईने तर जेवणच केलं त्यांचं.

बीच तीन आहेत जवळ. फॉली बीचला गर्दी, समुद्रात आत गेलेला लांब धक्का (पिअर), सर्फिंगवाली पोरं. आइल ऑफ पाम्सला सोयी जास्त. सलिव्हन्स आयलंड शांत, मला तोच आवडला, पण पार्किंगसाठी नऊच्या आत पोचा. पाणी जुलैमध्ये छान कोमट असतं, मुलं बाहेर यायलाच तयार नसतात. आणि मे ते ऑक्टोबर लॉगरहेड कासवांचा सीझन, किनाऱ्यावर खुंट्या ठोकून अंडी घातलेल्या जागा राखून ठेवलेल्या असतात, रात्री बीचवर टॉर्च लावायचा नाही, वाळूत खणलेले खड्डे बुजवून यायचं. पिल्लं बाहेर पडतात ती जुलै-ऑगस्टमध्ये, एप्रिलवाल्यांना हे दिसणारच नाही. आम्हालाही दिसली नाहीत पण अ‍ॅक्वेरियममध्ये जखमी कासवांचं हॉस्पिटल आहे, त्यात पोरांनी अर्धी दुपार काढली.

संध्याकाळी वॉटरफ्रंट पार्क. तिथे अननसाच्या आकाराचं कारंजं आहे आणि त्यात मुलांनी उतरलेलं चालतं, कपडे बदलायला घेऊन जा. जवळपास रोज दुपारी ढग येतात, गडगडाट, अर्धा-पाऊण तास धो धो पाऊस आणि नंतर हवा जरा हलकी. या पावसात भरती आली असेल तर सखल रस्त्यांवर पाणी साचतं, गाडी कुठे लावताय ते बघा, शक्यतो गॅरेजमध्येच लावा. भरतीची वेळ फोनवर बघायची सवय लावून घ्या.

पैशाचं म्हणाल तर वसंतात आणि शरदात हॉटेलचे भाव डोळे पांढरे करतात, भर उन्हाळ्यात तेच हॉटेल बऱ्यापैकी खाली येतं, विशेषतः सोमवार ते गुरुवार. फक्त ४ जुलैचा आठवडा सोडा. राहायचं डाउनटाउनमध्येच, थोडे जास्त गेले तरी, कारण दुपारी खोलीवर येऊन अंघोळ करून झोपता आलं पाहिजे, त्याशिवाय ही ट्रिप जमत नाही. जूनपासून नोव्हेंबरअखेर हरिकेनचा सीझन असतो, जोर ऑगस्ट-सप्टेंबरला जास्त, म्हणून मी तरी जून किंवा जुलैचा पहिला-दुसरा पंधरवडाच धरेन आणि बुकिंग पैसे परत मिळणारंच घेईन. डासांचं औषध बॅगेत हवंच, आणि तिकडे डोळ्याला न दिसणारे बारीक चावरे किडेही आहेत, संध्याकाळी दलदलीच्या बाजूला फुल पँट घाला.