पायांचं मसाज मशीन, ८ महिन्यांनंतर : ते गरम करायचं बटण

मशीन परवा बंद पडलं. उजवीकडची मोटर घरघरते, रोलर फिरत नाही. वॉरंटी चालू असूनही ठाण्यात घरी येऊन नुसतं बघायचे ५५० रुपये मागतात. मी देणार नाही. पण माझा खरा राग मोटरीवर नाही.

मला १२ वर्षं शुगर आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री तळव्यांची आग सुरू झाली. मुंग्या यायच्या, अंगावरची चादरही पायाला सोसायची नाही. म्हणून ९,००० चं हे मशीन घेतलं. २० मिनिटं पाय घातले की तासभर बरं वाटायचं, डोळा लागायचा. तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

आता ते बटण. मसाज चालू केला की गरम करणंही आपोआप चालू होतं. ते थांबवायला बटण दाबून धरायचं, आणि दर वेळी नव्याने. एका रात्री मी विसरलो. सकाळी हिला माझ्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड दिसला, पाण्याने टरारलेला. मला काहीच जाणवलं नव्हतं! ज्या तळव्यांची रात्रभर आग होते, त्यांनाच खरा चटका कळत नाही. खोक्यावर मात्र ‘मधुमेहींसाठी उत्तम’ छापलंय. जखम भरायला पाच आठवडे गेले.

त्या जखमेमुळेच पायांची नीट तपासणी झाली. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून नायलॉनचा जाडसर धागा तळव्याला जागोजागी टेकवला; टेकलेला कळला की सांगायचं. तो वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो. चार ठिकाणी मी गप्पच राहिलो. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून बिघाड तिथून सुरू होतो, असं त्यांनी समजावलं. रक्तात बी-१२ जीवनसत्त्वही फार कमी निघालं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर असं होऊ शकतं. बी-१२ची इंजेक्शनं आणि रात्री प्रेगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस सकाळी गरगरायचं. आता आग निम्म्याने कमी आहे, बधिरपणा आहे तसाच. गोळी दुखणं कमी करते, नस दुरुस्त करत नाही. ती आणखी बिघडू नये म्हणून शुगर ताब्यात ठेवायची.

एमसीआर, म्हणजे मऊ रबरी तळव्याची चप्पल मशीनच्या मानाने कितीतरी स्वस्तात आली. ती घालून तलावपाळीला दोन फेऱ्या होतात. रोज रात्री ही तळव्याखाली आरसा धरते, मी बोटांच्या बेचक्या बघतो.

मशीनला एक स्टार. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, दुरुस्त करून मी वापरतो. त्यांनाही शुगर आहे. मी दिलं नाही.