ड्रॉपकिक मर्फीजचा 'फॉर द पीपल': आजोबांवरचं गाणं चुकवू नका

ड्रॉपकिक मर्फीज या अमेरिकन पंक बँडचा हा अल्बम ४ जुलै २०२५ ला आला तेव्हापासून ऐकतोय, आणि माझ्या मते या बँडने गेल्या बऱ्याच वर्षांत इतकं मनापासून काही केलं नव्हतं. याआधीचे दोन अल्बम, २०२२ आणि २०२३ चे, जुना अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री याच्या पडून राहिलेल्या शब्दांना चाली लावून अकूस्टिक केलेले, ते मला आवडले होते, पण इलेक्ट्रिक गिटार आणि बॅगपाइप एकत्र अंगावर येतात ना, ती मजाच वेगळी. 'हूल स्टँड विथ अस' सुरू झालं आणि वाटलं, हां, आले परत!

काही फॅन म्हणतायत की बँड फार पॉलिटिकल झालाय, नुसती गाणी गा म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. अहो हे लोक कधी पॉलिटिकल नव्हते? १९९६ साली बॉस्टनला लागून असलेल्या क्विन्सीत बँड सुरू झाला, १९९८ च्या पहिल्याच अल्बमवर 'बॉइज ऑन द डॉक्स' आहे, ते बँडचा गायक केन केसी याच्या आजोबांवर, जे गोदीतल्या कामगारांना एकत्र आणणारे युनियनवाले होते. २००१ मध्ये तर 'विच साइड आर यू ऑन' केलं, ते मुळात १९३१ च्या केंटकीतल्या कोळसा खाणकामगारांच्या लढ्यातलं गाणं. मग आता कामगारांच्या बाजूने बोलले तर नवीन काय?

आणि तेच आजोबा इथे परत येतात, 'चेस्टरफील्ड्स अँड आफ्टरशेव्ह' मध्ये. या वेळी गोदी नाही, संप नाही, फक्त नातवाला आठवणारा सिगरेटचा आणि आफ्टरशेव्हचा वास. केसीचे वडील तो लहान असताना गेले, 'स्ट्रीटलाइट्स' त्यावर आहे, ही दोन गाणी एकामागोमाग लावून ऐका, गळा दाटून येतो. मोठ्या आवाजाच्या गाण्यांपेक्षा मला ही दोन जास्त लागली.

पोग्ज बँडचा गायक शेन मॅकगोवन याच्यावरचं गाणं पण मस्त जमलंय. २००१ च्या अल्बमवर तो स्वतः 'गुड रॅट्स' गायला आला होता, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला, आणि हा निरोप उगाच रडका केलेला नाही, पोग्ज ऐकत मोठी झालेली पोरं गातील तसाच आहे.

खटकलं ते एकच, बँडचा दुसरा गायक अल बार एका गाण्यापुरताच आहे. आईच्या आजारपणामुळे तो २०२२ पासून बँडसोबत टूर करत नव्हता, त्याबद्दल तक्रार नाहीच, आईपुढे बँड काय. पण 'द व्हल्चर्स सर्कल हाय' मध्ये त्याचा खरखरीत आवाज केसीच्या आवाजाला भिडतो तेव्हा कळतं की इतके दिवस काय कमी होतं. बाकी बहुतेक गाण्यांत केसी एकटाच ओढतो, कोरस पण सगळे साधारण एकाच पद्धतीचे, त्यामुळे मधली दोनतीन गाणी मला अजूनही वेगळी ओळखू येत नाहीत.

'स्कूल डेज ओव्हर' मात्र अजिबात सोडू नका. ब्रिटिश लोकगायक इवन मॅककॉलचं जुनं गाणं, सोबत गायला इंग्लंडचा बिली ब्रॅग, शाळा संपली बाळा आता खाणीत चल, एवढंच सांगणं. माझे आजोबा परळच्या गिरणीत लागले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. परवा बाबांना हे गाणं ऐकवलं, शब्द त्यांना सगळे कळले नाहीत, मग मी ओळीओळीचा अर्थ सांगितला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, परत लाव.