डिजियात्रा आठ महिने वापरून: चेहरा लगेच ओळखतात, वेळ पिशवी खाते

आमचा टॉवेल-नॅपकिनचा धंदा, त्यामुळं महिना-दीड महिन्याला दिल्लीची एक फेरी ठरलेली. 2025 च्या जूनमध्ये आमच्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा सोलापूरकर म्हणून छाती फुगली, पण माझ्या कामाला पुणंच सोयीचं पडतं. म्हणजे आधी अडीचशे किलोमीटर, मग विमान. पूर्वी मी रात्रीच्या गाडीनं निघायचो, पहाटे पुणे स्टेशनबाहेर चहावर चहा मारायचो आणि साडेअकराच्या विमानासाठी सातलाच लोहगाव विमानतळावर जाऊन बसायचो. हल्ली सकाळी सहाच्या सुमाराची वंदे भारत पकडतो, नऊच्या आसपास पुण्यात उतरतो आणि तडक रिक्षा. रात्रीची झोप घरी होते. एवढी हिंमत आली ती डिजियात्रेमुळं, म्हणजे चेहरा बघून विमानतळात आत सोडणाऱ्या ॲपमुळं, हे आधीच कबूल करतो.

ही सोय तशी नवी नाही. 1 डिसेंबर 2022 ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली, 2023 च्या मार्चअखेर पुण्यात आली. मीच उशिरा जागा झालो. एकदा आधारच्या ओटीपीनं नोंदणी करायची, सेल्फी द्यायचा. मग प्रत्येक प्रवासाला वेब चेक-इन करून बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकायचा आणि निघणाऱ्या विमानतळाला पाठवायचा. दारात बारकोड धरायचा, कॅमेऱ्याकडं बघायचं, फाटक उघडतं. आधार कार्ड शोधत खिसे चाचपणं नाही की मागच्याची ट्रॉली टाचेवर येणं नाही. बाजूच्या रांगेत वीसेक माणसं असताना मी दोन मिनिटांत आत गेलोय, घड्याळ लावून बघितलंय. सिक्युरिटीच्या तोंडाशी पुन्हा एकदा चेहरा दाखवायचा, तिथंही तसंच.

पहिल्या दोन फेऱ्या मात्र वाया गेल्या, आणि चूक माझीच. आधारवर वडिलांच्या नावासकट माझं लांबलचक नाव आहे, तिकीट मी घाईत टोपणनावावर काढलेलं. नावं जुळेनात, फाटक उघडेना. गेलो मुकाट साध्या रांगेत. तिकीट काढताना आधार समोर ठेवा, एवढंच सांगणं. त्यातून बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये नावाला जागा असते फक्त 20 अक्षरांची, पुढचं कापलं जातं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लावतात, त्यांनी तर तिकिटावर कुठल्या चौकटीत काय भरलं ते दोनदा तपासावं. नाहीच जुळलं तर घाबरायचं कारण नाही, साधी रांग असतेच. फक्त तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आता खरी गोष्ट. डिजियात्रा तुम्हाला एक्स-रेच्या मशीनपर्यंत पोचवते. तिथून पुढं सगळे सारखेच. पिशवी पट्ट्यावर, तुम्ही झडतीला. दारात वाचवलेली दहा मिनिटं मी इथं सव्याज परत केली आहेत.

एकदा हातातल्या बॅगेत जीएसएम कटर राहिला. धंद्यातल्यांना ठाऊक असेल: गोल डबी असते, कापडावर दाबून फिरवली की शंभर चौरस सेंटिमीटरची चकती कापून निघते, ती तोलली की कापडाचं वजन कळतं. पार्टीसमोर हे करून दाखवलं की भावाची घासाघीस निम्म्यावर येते. पण डबीच्या पोटात चार पाती असतात! जवानानं ती उलटी करून बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि मी टॉवेलशास्त्र समजावत बसलो. त्याला काय त्याचं. उलटा काउंटरला पळालो आणि अख्खी बॅग चेक-इनला टाकली. माझ्या तिकिटावर काउंटर विमानाच्या 60 मिनिटं आधी बंद होतो असं होतं, मी पोचलो तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती.

पॉवर बँकेचं नेमकं उलटं. ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातच न्यावी लागते, कारण लिथियमची बॅटरी सामानाच्या कप्प्यात पेटली तर विझवायला तिथं कोणी नसतं. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर भरते, मर्यादा 100 ची. मी ती एकदा मोठ्या बॅगेत कोंबली होती. नाव पुकारून बोलावून घेतलं.

आता घरीच पॅकिंगची पद्धत बदललीय. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक एका कापडी पिशवीत, बॅगेत सगळ्यात वर. ट्रेपाशी आलो की ती एकच पिशवी बाहेर काढायची. पट्टा, नाणी, किल्ल्या आधीच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. चाळीस सेकंदांत मोकळा होतो. ट्रेपाशी उभं राहून पँटचे खिसे उपसणाऱ्यांकडं आता मी जरा तुच्छतेनंच बघतो, आठ महिन्यांपूर्वी मीही त्यातलाच होतो तरी.

एकदा आईला घेऊन गेलो, दिल्लीच्या भाच्याच्या मुंजीला. सवयीनं कॅमेऱ्याकडं बघितलं, फाटक उघडलं, मी आत. आई बाहेर. तिचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नाही, ॲप कुठलं असणार? काचेपलीकडून हातवारे चालले होते. साध्या रांगेतून आत आल्यावर पहिलं वाक्य, "तू आत कसा गेलास रे, मला हितंच सोडून?" पुढं सिक्युरिटीत तिच्या जोडव्यांनी मशीन वाजलं, पडद्याआड महिला जवानानं झडती घेतली. तेवढ्यात पट्ट्यावर तिची पिशवी बाजूला काढलेली. आत कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा स्टीलचा डबा. जवानानं झाकण काढलं, लसणाचा वास सुटला, मागचे दोघंतिघं वळून बघायला लागले. "सोलापूरची का?" एवढंच विचारून त्यानं डबा परत दिला. त्याचा मूड चांगला होता म्हणून निभावलं. तिखटाची पूड हातात नेणं म्हणजे वाद ओढवून घेणं, तेव्हापासून चटणी मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं मात्र तिथंही टाकू नका, तेलकट असल्यानं पेट घेतं म्हणून काढून ठेवतात.

चेहऱ्याच्या माहितीचं काय, असं आमचा मुलगा सारखा विचारतो. ती आपल्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडं पाठवलेली 24 तासांत पुसली जाते, असं डिजियात्रा सांगते. मला पटलं. तुम्हाला नसेल पटत तर सक्ती कुणाचीच नाही.

वर्षातून एकदाच उडणाऱ्यानं एवढा खटाटोप करावा का? एकटा असेल तर करावा. सोबत म्हातारं माणूस आणि लहान पोरं असतील तर सरळ साध्या रांगेत सगळ्यांनी एकत्र उभं राहावं. परदेशाच्या विमानाला तसंही हे चालत नाही.

परवा आईचा नंबर आधारला जोडून आणला. सेल्फी घेताना ती प्रत्येक वेळी पदर सारखा करायला मान खाली घालायची, चौथ्यांदा कुठं जमलं. दिवाळीनंतर पुन्हा दिल्लीला न्यायचंय. या वेळी आधी ती आत जाणार, मी मागून.