गाडीने पावसाळे किती काढले, आणि कुठे? सेकंडहँड हॅचबॅक, चौदा महिन्यांनंतर

गाडी 2019 च्या अखेरची, 1.2 लिटर पेट्रोल, मॅन्युअल. पहिला मालक कराडचा, घेताना मीटरवर 58 हजार, किंमत 3 लाख 75 हजार. चौदा महिन्यांत 15,200 किलोमीटर झाले, त्यात एक अख्खा पावसाळा. मुक्काम गुहागरला, समुद्र दीडेक किलोमीटरवर, वर पत्रे आहेत पण तीन बाजू उघड्या. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. नाव आलं की सगळं बोलणं कंपनीवर जातं, आणि इथे गाडीचं आयुष्य ठरवते ती खारी हवा.

जुनी गाडी बघायला गेलं की आधी मीटर बघतात. किनाऱ्यावर हा हिशेब फसवा आहे. गावच्या घरी ठेवलेली, गणपतीत आणि मे महिन्यात तेवढी फिरणारी, 22 हजार चाललेली गाडी कागदावर सोन्यासारखी दिसते. प्रत्यक्षात वर्षातले दहा महिने ती खाऱ्या दमट हवेत एका जागी उभी असते. इंजिन तापत नाही, त्यामुळे सायलेन्सरमधलं पाणी आतच राहतं आणि मागचा डबा आतून सडतो. ब्रेकचे शू ड्रमला धरतात, टायर बसल्या जागी चपटे होतात, बॅटरी मरते, आणि बोनेटखाली उंदरांचा संसार. उलट कराड-कोल्हापूरकडची, रोज चालणारी, साठ हजार झालेली गाडी खालून कोरडी निघते. म्हणून घाटावरची गाडी शोधा, आणि किलोमीटरऐवजी किनाऱ्यावर काढलेले पावसाळे मोजा. माझ्या मते पाचाहून जास्त असतील तर किंमत कितीही पाडली तरी बघायला जाऊ नये.

बघणं म्हणजे खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन खालून बघणं. बोनेट उघडून "इंजिन सायलेंट आहे" म्हणण्यात अर्थ नाही, ते बहुतेक वेळा असतंच. खालचा पत्रा ताजा काळाकुळकुळीत असेल तर खूश होण्याऐवजी संशय घ्या. गंजावर अंडरकोटिंग (गाडीखाली मारायचा काळा थर) फासून विकणं हा जुना धंदा आहे. मोठ्या स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन दारांखालच्या पोकळ सिलवर टकटक करत पुढून मागे जायचं. चांगला पत्रा ठण् वाजतो. सडलेला किंवा लांबी (पुट्टी) भरलेला भद्द वाजतो, आणि आवाज बदलतो ती जागा कानाला लगेच कळते. त्या जागी टोकाने जरा दाबलं की काळ्या थराखालून तपकिरी पापुद्रा सुटतो. मागच्या चाकाच्या पुढची सिलची टोकं, सस्पेन्शनचे स्प्रिंग बसतात त्या वाट्या, स्टेपनीचा खड्डा आणि बोनेटच्या पुढच्या कडेची आतली घडी, या चार जागा सुटता कामा नयेत. स्टेपनी उचलून बघायची लाज वाटून घेऊ नका.

पुराची गाडी हा वेगळा विषय. 22 जुलै 2021 ला चिपळूण-महाड बुडालं हे इकडे सगळ्यांना आठवतं, पण घाटावर 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 मध्येही सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, हे गाडी घेताना विसरतं. त्यामुळे "घाटावरची" एवढ्यावर भागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आतल्या भागात चिखलाची रेघ राहते. सीटच्या रेलमध्ये बोट घाला, कार्पेट उचला, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट बुरा आहे का बघा. सर्व्हिस सेंटरमधून जॉब कार्डांचा, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदींचा इतिहास काढता येतो. त्यात पुराच्या महिन्यांत मोठी नोंद दिसली, की तिथूनच परत फिरायचं.

सिंधुदुर्गाकडच्यांसाठी एक जादा सूचना. गोव्याच्या जी.ए. पाटीची गाडी स्वस्त मिळते खरी, पण ती बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. शिवाय तीही किनाऱ्यावरचीच. बेळगावची के.ए.-22 गाडी मिठापासून लांब राहिलेली असते, टॅक्स मात्र सुटत नाही.

कागदांत मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, गाडीवर कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र. ई-चलन आधी तपासा. गाडी ताब्यात आल्यापासून 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. थर्ड पार्टी आपोआप पुढे चालू राहतं, आपल्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण तसं राहत नाही. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्यासोबत जातो, तेव्हा "पॉलिसीत 50 टक्के बोनस आहे" हा किंमत वाढवायचा मुद्दाच नव्हे.

आता खर्च. घेतल्या घेतल्या 32,200 गेले: चार टायर 16,400, पुढचे पॅड आणि मागचे शू 4,100, सगळी ऑइलं आणि कूलंट 6,200, पोकळ भागांत वॅक्स आणि खाली कोटिंग 5,500. टायरची नक्षी चांगली होती, पण कडेवर 3819, म्हणजे 2019 चा अडतिसावा आठवडा. ओल्या जांभ्यावर इतकं जुनं रबर धरत नाही. नंतर बॅटरी 4,600, सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड 5,300, एसीचा कंडेन्सर 8,900 (किनाऱ्यावरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याच्या ॲल्युमिनियमच्या जाळीचा भुगा व्हायला लागला), एक सर्व्हिस 5,800. एकूण 56,800, म्हणजे किलोमीटरमागे पावणेचार रुपयांच्या आत. पेट्रोल आणि विमा वेगळा.

नव्या गाडीशी ताडून बघू. एक्स-शोरूम 6 लाखांच्या पेट्रोल गाडीवर 11 टक्क्यांनी 66 हजार रोड टॅक्स, वर विमा आणि नोंदणी. साडेपाच लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 11,400 च्या आसपास, आणि पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज 45 हजारांच्या वर. जुन्या गाडीची चौदा महिन्यांची सगळी दुरुस्ती त्याहून फार पुढे नाही.

पण एक गोष्ट बदलली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी, उपकर धरून, 29 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे तीच गाडी शोरूममध्ये सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरली. विकणारे अजून जुन्या पावतीवरून भाव सांगतात. आजच्या ऑन-रोड किमतीवरून उलटं मोजायला लावा. दोन-तीन वर्षांची गाडी नव्याच्या 80 टक्के भावात सांगत असतील तर सरळ नवी घ्या, वॉरंटी तरी मिळते.

वापरात इंजिनाबद्दल तक्रार नाही. कुंभार्ली घाट चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन एसी चालू ठेवून दुसऱ्या-तिसऱ्यावर चढते. टाकी ते टाकी मोजलेलं ॲव्हरेज चिपळूण-मुंबई 19, गावात आणि घाटात 15-16. गाडी ई-20 साठी, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, त्यामुळे पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला हाताने दाबून बघायचे. कडक झालेला किंवा भेगाळलेला दिसला की बदलायचा.

खरा त्रास पाण्याचा. जुलैत डाव्या सीटच्या पायाशी कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं. गळती छपरातून नव्हती. वायपरखालच्या जाळीत आंब्याचा पालापाचोळा कुजून निचऱ्याचं भोक बुजलं होतं आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येत होतं. जाळी काढून दोन मुठी लगदा निघाला. जूनआधी आणि मग दर पंधरवड्याला तो साफ करणं हाच उपाय. दारांच्या खालच्या कडेचीही भोकं बघा. कोटिंग करणाऱ्याने त्यातली तीन बुजवून ठेवली होती, सायकलच्या स्पोकने मोकळी केली. ती बंद राहिली असती तर दारात पाणी साठून दोन वर्षांत पत्रा खालून फुगला असता.

पावसात हँडब्रेक ओढून आठवडाभर ठेवू नका. पहिला गिअर आणि चाकाखाली दगड. सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो, चार ब्रेक मारले की जातो. धोपावे-दाभोळ फेरीने गेलात तर ओहोटीला उतारावर चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याचा पाइप खालून पाच मिनिटं मारायचा, चाकांच्या आतल्या बाजूसकट.

नवी कोणी घ्यावी? महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर चालवणाऱ्यांनी आणि बारा-पंधरा वर्षं विकायची नाही असं ठरवलेल्यांनी. नवी घेतली तर पहिला पाऊस लागायच्या आत पोकळ भागांत वॅक्स मारून घ्या, कारण तेव्हा पत्रा आतून कोरडा असतो. रोज पाच किलोमीटर बाजारात जाऊन येणाऱ्याने बीएस-6 डिझेल मात्र नवी काय, जुनी काय, घेऊच नये. तिच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, जळून साफ व्हायला सलग लांब धाव लागते, ती गावात मिळत नाही.

सध्या मागच्या सायलेन्सरच्या जोडावर गंज धरला आहे. वेल्डिंग एक पावसाळा टिकेल, म्हणून मेमध्ये तो डबाच बदलायचा आहे.