हेरिंगबोन लॅमिनेट: एक पावसाळा काढल्यावर

दिवाळीच्या आधी हॉलला 12 मिमीचं, एसी4 ग्रेडचं (म्हणजे झीज सोसणारं) हेरिंगबोन लॅमिनेट बसवलं, म्हणजे लाकडासारखं दिसणारं, काटकोनात जोडलेल्या पट्ट्यांच्या नक्षीचं फ्लोअरिंग. तेव्हाच लिहिणार होतो, पण म्हटलं आधी ठाण्याचा पावसाळा जाऊ दे. जुलैत गॅलरीच्या दारापाशी फ्लोअरिंग उचललं गेलं. त्यानंतर दुकानदाराशी जे झालं, त्याने माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

दिसायला मात्र तोड नाही. पट्ट्या एकाच रंगाच्या, पण आडव्या-उभ्या असल्याने संध्याकाळच्या तिरक्या उन्हात अर्ध्या फिक्या, अर्ध्या गडद दिसतात. डिसेंबरात पाय गार पडले नाहीत. जुन्या टाइल्स न फोडता वर फोम अंथरून काम झालं. दारं तेवढी खालून तासावी लागली. वर्षभर खुर्च्या सरकतायत, एक ओरखडा नाही.

आता वेस्टेज, म्हणजे कापाकापीत वाया जाणारा माल. हॉल 180 चौरस फूट. सरळ पट्टीला पाच-सात टक्के धरतात, याला दुकानदाराने 15 टक्के धरले. म्हणजे 207. बॉक्स 20 फुटांचा, तो फोडून देत नाहीत, म्हणून 11 बॉक्स. 180 फुटांच्या हॉलला 220 फुटांचं बिल! मजुरी सरळ फिटिंगच्या जवळपास दुप्पट, ती वेगळी. ही सरळसरळ लूट आहे असं मी घरात जाहीर करून टाकलं. काम सुरू झाल्यावर गप्प बसलो. मधोमध दोरी मारून तिथून दोन्हीकडे जातात आणि भिंतीपाशी पोचलं की प्रत्येक ओळीत कापाकापी. उरलेला तुकडा पुढे बसेलच असं नाही, कारण पट्ट्या दोन प्रकारच्या: ए आणि बी, डावी आणि उजवी. एकमेकींत अडकवायचे लॉक उलटे असतात. वेस्टेज खरं आहे, मानलं.

मग जुलै. हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वर, आणि चालताना पायाखाली टक्‌ टक्‌. तक्रार केली तर फोनवरच निकाल: "पाणी सांडलं असेल साहेब, वॉरंटीत बसत नाही." आमच्या मावशी पहिल्या दिवसापासून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतात. शेवटी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची कड झाकणारी पट्टी, मीच उघडलं. पट्ट्या भिंतीला चिकटलेल्या! आठ-दहा मिमी फट सोडायची असते, ती त्या बाजूला सोडलेलीच नाही. आतलं एचडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड, दमट हवेत फुगणारच, आणि हेरिंगबोनमध्ये पट्ट्या दोन दिशांना असल्याने चारही भिंतींशी जागा लागते. मोजपट्टी धरून फोटो पाठवले, तेव्हा कुठे माणूस आला. त्याने कडा कापल्या, उचललेला भाग हळूहळू खाली बसला. दोन पट्ट्यांचे लॉक मात्र तुटले.

इथे मला वेस्टेजचा दुसरा अंक कळला. माझ्याकडे बेडखाली अख्खा बॉक्स शिल्लक आहे. वीस फूट, पैसे मोजलेले. पण दुकानदाराने 6 बॉक्स ए आणि 5 बॉक्स बी दिले होते. उरलेला बॉक्स ए. तुटलेल्या दोन्ही पट्ट्या बी. शेड मिसळायला फिटरने सगळे बॉक्स आधीच फोडले होते, म्हणून परतही घेत नाहीत. बी हवी तर पूर्ण बॉक्स घ्या, शेड जुळेलच असं नाही. वर ती बसवायला भिंतीपासून तिथपर्यंत ओळीने सगळं उकलायचं, त्याची मजुरी निराळी. दोन पट्ट्यांसाठी! सध्या तिथे पायपुसणं टाकलंय.

ज्यांच्या घरात दमटपणा कमी, फिटर ओळखीचा आणि मन मोठं, त्यांनी खुशाल बसवावं. बेडरूमला मी सरळ पट्टीचं एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकचं फ्लोअरिंग) म्हणतोय, ते पाण्याला दाद देत नाही. बायकोला तिथेही हेरिंगबोनच हवंय. तिचंच चाललं, तर बिलावर ए किती, बी किती हे लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देणार नाही, आणि स्कर्टिंग ठोकण्याआधी चारही भिंतींची फट स्वतः मोजणार.