टायटॅनियम घेताना: ग्रेड ५ की ग्रेड २३, आणि उष्णोपचार कोणता?

ड्रॉइंगवर नुसतं 'ग्रेड ५' लिहिलं तर निर्णय अर्धवटच राहतो. पदार्थ कोणत्या अवस्थेत, म्हणजे कोणता उष्णोपचार केलेला हवा, हेही तिथे लिहायला हवं.

ग्रेड ५ आणि ग्रेड २३, दोन्हींत अॅल्युमिनियम साधारण ६ टक्के आणि व्हॅनेडियम ४ टक्के. फरक मुख्यतः ऑक्सिजनचा: ग्रेड ५ मध्ये कमाल ०.२० टक्के, ग्रेड २३ मध्ये ०.१३. ऑक्सिजन वाढला की ताकद वाढते, पण चिवटपणा घटतो. अनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) बारची किमान टेन्साइल स्ट्रेंग्थ, म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद, ग्रेड ५ ला ८९५ मेगापास्कल, ग्रेड २३ ला ८२८. शरीरात बसवायचं इम्प्लांट किंवा अतिथंड तापमानातला भाग असेल, तर मी ग्रेड २३च घेईन. मुरलेला ऑक्सिजन कोणत्याही भट्टीत बाहेर निघत नाही, त्यामुळे हे खरेदीच्या वेळीच ठरवावं लागतं. आणि भार फारसा नसून प्रश्न फक्त समुद्राच्या पाण्याने गंजण्याचा असेल, तर साधा ग्रेड २, म्हणजे दुसरा धातू न मिसळलेलं टायटॅनियम, पुरतो.

आता उष्णोपचार. अनीलिंग ७०० ते ७९० अंश सेल्सियसला होतं आणि बहुतेक कामांना तेच योग्य. दुसरा मार्ग म्हणजे ग्रेड ५ सुमारे ९५५ अंशांना तापवून, भट्टीतून काढल्यावर काही सेकंदांत पाण्यात क्वेंच करायचा (एकदम थंड करायचा) आणि मग ५४० अंशांच्या आसपास काही तास एजिंग, म्हणजे पुन्हा तापवून ठेवणं. पातळ भागात ताकद ११०० मेगापास्कलपर्यंत जाते. कागदावर हा आकडा फार मोहवतो. पण जाडी २५ मिलिमीटरच्या पुढे गेली की गाभा सावकाश थंड होतो आणि तिथे ती ताकद येतच नाही. शिवाय क्वेंचमध्ये भाग वाकतो, म्हणून फिनिश मशिनिंग नंतरच ठेवावं. बोल्टसारख्या बारीक कामाला हा उपचार शोभतो. जाड फोर्जिंगला (दाबून घडवलेल्या भागाला) एवढी ताकद हवी असेल तर मिश्रधातूच बदलावा: बोइंग ७७७च्या लँडिंग गिअरमध्ये १० टक्के व्हॅनेडियम, २ टक्के लोह आणि ३ टक्के अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला आहे, तो याचसाठी.

भाग तुटत नाही, फक्त लवतो, अशी तक्रार असेल तर उष्णोपचारावर खर्च करू नका. ग्रेड ५चा मॉड्युलस (लवण्याला होणारा विरोध) कोणत्याही उपचाराने ११४ गिगापास्कलच्या आसपासच राहतो. भागाचा छेद, म्हणजे जाडी-रुंदी, वाढवा.

ऑर्डर देताना भट्टी निर्वात आहे की हवेची, हे नक्की विचारा. हवेत तापलेल्या टायटॅनियमवर ऑक्सिजन मुरून कडक, ठिसूळ साल तयार होते. टूलची धार ती घालवते आणि फटीगची (वारंवार येणाऱ्या भाराने होणाऱ्या झिजेची) पहिली भेग तिथूनच निघते. भट्टी हवेची असेल तर ती साल पूर्ण काढता येईल एवढी मशिनिंगची जादा जाडी आधीच ठेवा.