सव्वा मिलिमीटर: मिरजेतील गिटारदुरुस्तीचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीवर हिशेब पाहणे हा माझा व्यवसाय असून गिटार हा केवळ छंद आहे. चाळिशी ओलांडल्यावर, मुलासाठी घेतलेली आणि त्याने महिन्याभरात बाजूला ठेवलेली गिटार मी हाती धरली. त्यानंतरची दोन वर्षे माझी सारी धडपड काही शिकण्यापेक्षा सराव टिकवण्यासाठीच झाली. मिरजेतील एका जुन्या वाद्यकाराच्या कारखान्यात ही गिटार जुलै महिन्यात दुरुस्तीला दिली, आणि त्या कामाचा माझ्या सरावावर जो परिणाम झाला तो लक्षात घेऊन हे परीक्षण लिहीत आहे. कारखान्याचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि काम करणारी माणसे दोनच आहेत.

आधीची परिस्थिती सांगितल्याशिवाय दुरुस्तीचे मोल कळणार नाही. सराव नियमित व्हावा म्हणून मी करता येण्यासारखे बहुतेक सर्व उपाय करून पाहिले होते. मोबाइलवरील एका ॲपमध्ये रोजच्या सरावाची माळ गुंफली जाते. माझी माळ सतरा दिवसांची झाली, अठराव्या दिवशी तुटली, आणि तुटल्यानंतर पुन्हा एकापासून मोजण्याचा कंटाळा येऊन मी ॲपच काढून टाकले. विश्रामबागेत एक शिकवणी लावली. तेथील शिक्षक चांगले होते, परंतु आठवड्यातून एकदा त्यांच्यासमोर बसताना मागच्या आठवड्यातील न झालेल्या सरावाची लाज वाटू लागली आणि त्या लाजेपोटी मी शिकवणीलाच दांड्या मारू लागलो. शेवटी धंद्याची सवय म्हणून एका वहीत सरावाची कीर्द लिहावयास घेतली. तिच्यातील जमा फारशी उत्साहवर्धक नव्हती: जानेवारी ते जून या १८१ दिवसांत गिटार हाती घेतल्याचे दिवस ३८. या सर्व काळात माझे निदान एकच होते, ते म्हणजे आपल्यात चिकाटी नाही. घरातही या निदानाला कोणी हरकत घेतली नाही.

हे निदान निदान अर्धे तरी चुकीचे होते, हे मिरजेत कळले. सांगलीहून मिरज जेमतेम दहा किलोमीटरवर आहे आणि तेथील सतार-तंबोऱ्यांची कीर्ती आपल्याकडे कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गिटारसाठी मिरजेला जावे, हे मात्र मला सुचले नव्हते. खुंटी ढिली झाली होती, तेवढी बसवून घ्यावी म्हणून एका रविवारी शहर बसने गिटार घेऊन गेलो. भोपळ्यांच्या उतरंडीशेजारी बसलेल्या वृद्ध कारागिरांनी, ज्यांना सारेजण चाचा म्हणतात, खुंटीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी पहिल्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरील पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, एक तार दाबली, चेहरा किंचित वाकडा केला, स्टीलची पट्टी बाराव्या पडद्यावर उभी धरली आणि मला विचारले, "साहेब, ह्याच्यावर वाजवता तुम्ही?" मी रोज वाजवणे होत नाही असे काहीसे पुटपुटलो. त्यावर ते म्हणाले, "कसं हुईल? बोटं आळशी न्हाईत तुमची, तार उंच हाय."

बाराव्या पडद्यापाशी जाड तारेची उंची पावणेचार मिलिमीटर भरली आणि सर्वांत बारीक तारेची सव्वातीन. पोलादी तारांच्या साध्या गिटारवर हीच मापे साधारण अडीच आणि दोन असावीत. सव्वा मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण बोटांना तो प्रत्येक स्वरागणिक भोगावा लागतो, कारण तार जितकी उंच तितकी ती पडद्यापर्यंत नेण्यास जोर अधिक लागतो. शिवाय तार खाली दाबताना ती ताणलीही जाते आणि सूर चढतो. माझा एफ कॉर्ड, म्हणजे अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा एक स्वरसमूह, नेहमी किंचित बेसूर वाटे. मी त्याचा दोष माझ्या कानाला देत आलो होतो. वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात त्या नटच्या खाचाही उथळ होत्या, त्यामुळे पहिल्या पडद्यावर, म्हणजे नवशिक्याचे बहुतेक कॉर्ड जेथे असतात नेमके तेथेच, वाद्य सर्वांत जड झाले होते. स्वस्त गिटारी कारखान्यातून अशाच उंच तारांनी येतात, कारण तार उंच असली की ती कोठेही घासत नाही आणि दुकानात वाद्य निर्दोष वाटते, असे चाचांचे म्हणणे पडले.

हिशेबनीस असल्याने पुढील भाग मला विशेष आवडला. बारावा पडदा हा नट आणि खालच्या टोकाला तारांना आधार देणारी घोडी यांच्या बरोबर मध्ये असतो. म्हणून तेथे तार सव्वा मिलिमीटर खाली आणावयाची तर घोडीवरील पट्टी, जिला सॅडल म्हणतात, दुप्पट म्हणजे अडीच मिलिमीटर उतरवावी लागते. चाचांनी हे कागदावर मांडून दाखवले नाही. पट्टीवर पेन्सिलीने रेघ ओढली, ती रेघ मीच घरी येऊन मोजली आणि हिशेब जुळला. घासावयाचे ते पट्टीच्या तळाकडून, आणि तळ काचेसारखा सपाट राहिला पाहिजे, नाहीतर ती खोबणीत नीट बसत नाही व तारेचे कंपन वाद्याच्या पोटापर्यंत पुरते पोहोचत नाही. मी आणखी थोडे खाली करा असा आग्रह धरला तेव्हा त्यांनी नकार दिला. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, गिटारचे पोट फुगते आणि घोडीसह तारा वर उचलल्या जातात. कोरड्या दिवसांत तेच पोट बसते. "आत्ता अजून खाली केली तर चैतात घुर्र करील," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण होते. गिऱ्हाइकाने मागितले ते न देता ऋतूचा विचार करणारा कारागीर माझ्या मते दुरुस्तीच्या दराहून अधिक मोलाचा आहे.

तारांबाबतही त्यांचा सल्ला उपयोगी पडला. गिटारवर बाराच्या संचाच्या तारा होत्या, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची. त्यांनी अकराचा संच आणण्यास सांगितले. ऐकताना हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु लांबी आणि सूर तोच ठेवला तर तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, आणि त्या हिशेबाने पहिल्या तारेवरील ताण सुमारे सोळा टक्क्यांनी कमी होतो. बोटांच्या टोकांना हे सोळा टक्के पहिल्याच संध्याकाळी कळतात. मात्र कारखान्यात गिटारच्या तारा ठेवत नाहीत, त्या मला सांगलीतून विकत घेऊन पुन्हा नेऊन द्याव्या लागल्या. हे आधी फोनवर सांगितले असते तर एक फेरी वाचली असती.

येथून तक्रारींकडे वळतो. दोन दिवसांचा वायदा होता, काम नऊ दिवसांनी मिळाले. पावती मिळत नाही. वाद्याला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा हीच पोच. आणि पहिल्या खेपेस काम बिघडलेही होते. चाचांच्या हाताखालील तरुणाने पट्टी तळाकडून घासल्यावर, बहुधा सवयीने, वरच्या कडेवरूनही कानस फिरवली होती. घरी येऊन तार छेडली तेव्हा गिटार चक्क सतारीसारखी बोलू लागली. सतारीच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी अल्प उताराचा ठेवतात, जेणेकरून कंप पावणारी तार त्याला निसटता स्पर्श करीत राहील. त्यातूनच तो झंकार येतो आणि त्या कामालाच जवारी काढणे म्हणतात. गिटारमध्ये हाच गुण दोष ठरतो, कारण तेथे तार एका नेमक्या कडेवरून सुटली पाहिजे. मिरजेत जन्म गेलेल्या हाताला तार स्वच्छ तुटक बोलावी असे वाटणे अवघडच असणार. दुसऱ्या खेपेस चाचांनी स्वतः कड काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि त्या तरुणाला माझ्यासमोर रागे भरण्याऐवजी त्याच्या हातात गिटार देऊन आधीचा व नंतरचा आवाज ऐकवला. माझा राग तेथेच ओसरला, तरी सांगलीहून आणखी एक फेरी झाली ही गोष्ट राहतेच.

आणखी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. गिटारच्या दांडीत एक लोखंडी सळई असते आणि ती किल्लीने कमी-अधिक आवळून दांडीचा बाक दुरुस्त करता येतो. या कारखान्यात ते काम करीत नाहीत. माझ्या दांडीचा बाक योग्य असल्याने अडचण आली नाही, परंतु ज्यांची दांडी वाकली आहे किंवा ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे त्यांनी तेथे जाऊ नये. खर्च म्हणाल तर पट्टी, नट व खुंटी मिळून ६०० रुपये आणि तारांचे ४८०, एकूण १,०८० रुपये झाले. नवी गिटार घेतल्यास सराव सुधारेल असे मला वाटत होते व त्यासाठी मी बारा हजारांची तरतूदही मनाशी केली होती, हे लक्षात घेता रक्कम किरकोळ आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे सरावाकडे. २० जुलै ते नोव्हेंबरअखेर या १३४ दिवसांपैकी ९७ दिवसांची कीर्दीत नोंद आहे, बहुतेक वेळा वीस मिनिटांची. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर एका मिनिटात मी जूनमध्ये २२ वेळा जात असे, आता ४१ वेळा जातो. हिशेबनिसाच्या प्रामाणिकपणाने हेही नोंदवतो की जानेवारी ते मे हा हळदीच्या सौद्यांचा काळ असतो, रात्री नऊशिवाय पेढीवरून सुटका होत नाही. त्यामुळे दोन्ही आकड्यांतील सगळा फरक सॅडलच्या पट्टीच्या नावे जमा करणे बरोबर होणार नाही. पण जूनमध्ये हंगाम ओसरला होता आणि तरीही त्या महिन्यातील नोंदी केवळ सहा आहेत. मला जाणवलेला बदल असा की पूर्वी दहा मिनिटांत बोटे हुळहुळत आणि मी थांबण्यासाठी निमित्त शोधी. आता थांबावे लागते ते घड्याळाकडे पाहून. उद्या पुन्हा बसावे ही इच्छा आजच्या शेवटच्या पाच मिनिटांत ठरते, असे माझ्यापुरते तरी दिसून आले, आणि ती पाच मिनिटे दुखण्यात गेली तर कोणतेही ॲप किंवा वेळापत्रक तिला धरून ठेवू शकत नाही.

चाचांचा एक सल्ला मात्र मी पूर्णपणे पाळू शकलो नाही. पावसाळ्यात वाद्य गवसणीत घालून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे असे त्यांनी बजावले होते. लाकडाच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे. परंतु कीर्दीतील कोऱ्या दिवसांपैकी बरेचसे ऑगस्टमधील, गिटार गवसणीत घालून कपाटावर ठेवली होती तेव्हाचे आहेत. खुर्चीवरून चढून, साखळी उघडून वाद्य काढावे लागणे हा सव्वा मिलिमीटरचाच दुसरा प्रकार म्हणावा लागेल. शेवटी गवसणी कायम ठेवली आणि गिटार कपाटावरून दिवाणावर आणली. पाहुणे आले की तेवढी हलवावी लागते. गवसणीच्या कप्प्यात एक सुती फडकेही ठेवले आहे, कारण घामाने तारा गंजतात. आमच्या सांगलीत त्यात भडंगाच्या तेलाची भर पडते; संध्याकाळी भडंग खाऊन हात न धुता गिटारला लावल्यास तारांचे आयुष्य निम्म्यावर येते, हा सल्ला माझ्या पदरचा.

तेथे जाणाऱ्यांनी गणेशोत्सवाच्या आधीचे पंधरा दिवस टाळावेत, तेव्हा सगळा कारखाना भजनी मंडळांच्या पेट्या आणि तंबोऱ्यांनी भरलेला असतो. तारा स्वतः नेऊन द्याव्यात, बाराव्या पडद्यावरील माप आधी घरी घेऊन कागदावर लिहून न्यावे, आणि काम झाल्यावर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर तेथेच बसून वाजवून पाहावी. कोणी घाई करीत नाही, उलट चहा येतो.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा गेलो, कारण एफ कॉर्डमध्ये दुसरी तार अजूनही मुकी राहते. पट्टी थोडी आणखी उतरवावी लागेल अशी माझी खात्री होती. चाचांनी बाराव्या पडद्यावर माप घेतले, ते अडीचच भरले; मग गिटार मांडीवर घेऊन, आयुष्यात कधी एफ वाजवला नसतानाही, मला बोटे कशी ठेवता ते दाखवायला सांगितले, माझे पहिले बोट किंचित कडेवर वळवले, तार वाजली, आणि त्यांनी वाद्य परत करून पैसे नकोत अशी खूण केली.